नाव आपलं, पण कोणाच्या नावावर?

"एकदाच पैसे भरा, नाव आयुष्यभर तुमचं. दरवर्षीची कटकट नाही, मधला दलाल नाही, सरकारलाही काढून घेता येणार नाही." ब्लॉकचेनवरची, म्हणजे क्रिप्टो चलनांच्या सामाईक नोंदवहीत लिहिलेली, डोमेन नावं (वेबसाइटचे पत्ते) विकणाऱ्यांची ही भाषा आता सोलापुरातल्या कॉलेजच्या मुलांच्या मोबाइलपर्यंत पोचली आहे. स्वतःची छोटी वेबसाइट काढायची, तिच्यावर कविता, फोटो, नोकरीसाठीचा बायोडेटा टाकायचा, एवढीच ज्यांची गरज आहे तीही मुलं विचारतात, की साधं .इन घ्यावं की ब्लॉकचेनवरचं .ईथ? माझं उत्तर सरळ आहे, साधं .इन घ्या. पण 'क्रिप्टो म्हणजे फसवणूक' एवढ्यावर हा विषय उडवून लावणं मला पटत नाही. या लोकांची मूळ तक्रार खरी आहे. त्यांनी काढलेलं औषध मात्र आपल्या दुखण्याचं नाही.

आधी तक्रार समजून घेऊ. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये लिहिलेली असत आणि ती फाइल अमेरिकेतली एक संस्था सांभाळायची. संगणक वाढले, फाइल पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आजची व्यवस्था आखली, तिला डीएनएस म्हणतात. वर एक मूळ यादी, तिच्याखाली .कॉम, .ऑर्ग, .इन असे विभाग, प्रत्येक विभागाचा एक सांभाळणारा, त्याच्याखाली किरकोळ विक्री करणारे रजिस्ट्रार, आणि सगळ्यात शेवटी आपण. मूळ यादीचा कारभार १९९८ पासून आयकॅन ही संस्था बघते, आपलं .इन निक्सी या भारतातल्या संस्थेकडे आहे. या सगळ्या साखळीत नाव 'विकत' कुणालाच मिळत नाही. एक ते दहा वर्षांसाठी वापरायचा हक्क मिळतो, इतकंच. महापालिकेच्या गाळ्यासारखा हा प्रकार आहे. पाटी तुमची, गिऱ्हाईक तुमचं, पण भाडं थकलं की कुलूप दुसऱ्याचं.

आणि कुलूप लागल्याची उदाहरणं आहेत. २०१० च्या डिसेंबरमध्ये विकीलीक्सचं नाव चालवणाऱ्या कंपनीने सेवा बंद केली आणि एका रात्रीत तो पत्ता नाहीसा झाला. २०१७ मध्ये कॅटालोनियातल्या सार्वमताच्या आधी स्पेनच्या पोलिसांनी .कॅट हा विभाग सांभाळणाऱ्या बार्सिलोनातल्या संस्थेच्या कार्यालयावर छापा घातला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि तिथल्या हजारो लोकांची .ईयू नावं गेली. त्यांनी पैसे वेळेवर भरले होते, काही गुन्हाही केला नव्हता, फक्त देशाचा राजकीय पत्ता बदलला होता. २०१९ मध्ये तर .ऑर्ग हा अख्खा विभागच एका खासगी गुंतवणूक कंपनीला शंभर कोटी डॉलरहून जास्त किमतीला विकायला निघाले होते. जगभरच्या स्वयंसेवी संस्थांनी आरडाओरडा केला म्हणून २०२० च्या एप्रिलमध्ये आयकॅनने तो सौदा फेटाळला. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना जवळचं उदाहरण हवं असेल तर .टीके आठवा. फुकट मिळायचं म्हणून प्रोजेक्टसाठी कितीतरी पोरांनी घेतलं होतं. ती फुकटची नावं वाटणारी कंपनी २०२३ मध्ये खटल्यात सापडली, नवी नोंदणी थांबली आणि पुढे तिने धंदाच गुंडाळला.

तेव्हा 'नाव कुणाच्याच हातात नसावं' असं वाटणं साहजिक आहे. २०११ मध्ये नेमकॉइन आलं, त्याची नावं .बिटने संपायची. २०१७ मध्ये ईथर या चलनाच्या ब्लॉकचेनवर ईएनएस ही नावं देणारी व्यवस्था सुरू झाली, .ईथ ते तिचंच. पुढे कायमची नावं एकरकमी विकणाऱ्या कंपन्या आल्या. कल्पना साधी आहे. नाव कुणाचं हे कुठल्या कंपनीच्या वहीत लिहायचं नाही, हजारो संगणकांवर एकसारखी असलेल्या नोंदवहीत लिहायचं. ज्याच्याकडे गुप्त किल्ली, त्याचं नाव. किल्ली असल्याशिवाय रजिस्ट्रार, पोलीस, मंत्री, कुणालाही नोंद बदलता येत नाही.

इथपर्यंत सगळं ऐकायला छान आहे. आता सोलापुरातल्या सात रस्ता चौकात उभं राहून कुणाच्याही मोबाइलवर क्रोम उघडा आणि असं एखादं .ईथ नाव टाइप करा. वेबसाइट उघडत नाही, गूगलचा शोध उघडतो. व्हॉट्सॲपवर नुसतं ते नाव पाठवा, लिंक होत नाही. ब्रेव्हसारखा ब्राउझर ज्यांनी मुद्दाम घेतला आहे त्यांना ते दिसेल, बाकीच्यांना नाही. या नावावर साधा ईमेल पत्ता चालवता येत नाही. ब्राउझरमध्ये सुरक्षित जोडणी दाखवणारं जे सर्टिफिकेट लागतं, ते देणाऱ्या संस्था अधिकृत मूळ यादीतल्या नावांनाच ते देतात, त्यामुळे तेही नाही. नाव तुमच्या मालकीचं आहे हे खरं, पण त्या नावाने तुम्हाला कुणी हाक मारू शकत नाही. नोकरीच्या अर्जावर असा पत्ता लिहिला आणि मनुष्यबळ विभागातल्या बाईंना तो उघडलाच नाही, तर मालकीचं काय लोणचं घालायचं?

यावर उपाय म्हणून मधले पूल आहेत. .ईथच्या पुढे अजून एक साधी शेपटी जोडली की कुठल्याही ब्राउझरमध्ये पान उघडतं. असा एक जुना पूल ईथ.लिंक हा होता. आता गंमत बघा. ते ईथ.लिंक स्वतः साधं, जुन्या पद्धतीचं डोमेन होतं. ज्या माणसाच्या नावावर ते नोंदवलेलं होतं तो अमेरिकेत तुरुंगात होता. २०२२ मध्ये त्याची मुदत संपली आणि नाव दुसऱ्याला विकलं गेलं. ईएनएसवाल्यांना ते परत मिळवायला न्यायालयात जाऊन आदेश आणावा लागला. म्हणजे ज्या व्यवस्थेला मधला माणूस नको होता, न्यायालय नको होतं, तिचा सदर दरवाजा एका माणसाच्या चुकलेल्या मुदतीवर अडला आणि न्यायालयाने उघडला. या नव्या नावांबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट हीच वाटते.

'कायमचं' या शब्दाचंही असंच आहे. .ईथ नावं मुळात कायमची नाहीतच. पाच किंवा जास्त अक्षरांच्या नावाला वर्षाला ५ डॉलर, चार अक्षरांच्या नावाला १६० आणि तीन अक्षरांच्या नावाला ६४० डॉलर असा भाव आहे. त्याशिवाय ब्लॉकचेनवर नोंद करायचा खर्च वेगळा, आणि तो बाजाराप्रमाणे वरखाली होतो. मुदत संपली की नव्वद दिवस थांबतात आणि मग नाव खुलं होतं. म्हणजे भाडं इथेही आहे, फक्त ते ईथरमध्ये भरायचं आणि 'अण्णा, दोन दिवस थांबा' म्हणायला समोर कुणी नाही.

जी नावं खरोखर एकरकमी विकली जातात त्यांची गत आणखी वेगळी. एका मोठ्या कंपनीने .कॉइन नावं विकायला काढली. मग त्यांच्या लक्षात आलं, की दुसऱ्या एका ब्लॉकचेनवर .कॉइन आधीपासून चालू आहे. २०२२ मध्ये त्यांनी ती नावं बंद केली आणि घेणाऱ्यांना दुकानातलं क्रेडिट दिलं. त्याच वर्षी .वॉलेट या शेपटीवरून दोन ब्लॉकचेनवाल्यांमध्ये कोर्टबाजी झाली. हे अपघाताने होत नाही. एकच मूळ यादी आहे म्हणून एका नावाचा एकच अर्थ होतो. याद्या चार झाल्या की एकाच नावाची चार पानं होणार, आणि कुठलं पान उघडायचं ते ब्राउझर बनवणारी कंपनी ठरवणार. सत्ता नाहीशी होत नाही, ती आयकॅनच्या हातून ब्राउझरवाल्याच्या हातात जाते. आणि आयकॅनच्या निर्णयाविरुद्ध निदान आरडाओरडा तरी करता येतो, .ऑर्गच्या वेळी तो कामाला आला.

सोलापूरच्या माणसाला हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी 'सोलापुरी' म्हणून भलत्याच गावची चादर देशभर विकली जाते, ही इथल्या कारखानदारांची जुनी रड आहे. उद्या कुणी परगावच्याने सोलापुरी चादरीच्या नावाने .इन घेतलं तर निक्सीच्या लवादाकडे तक्रार करता येते. .कॉम घेतलं तर १९९९ पासून आयकॅनची तक्रार पद्धत आहे. ती खर्चाची आहे, वेळखाऊ आहे, पण आहे. तेच नाव .ईथवर घेतलं तर? कुणाकडे जायचं? 'कुणीच काढून घेऊ शकत नाही' हे वाक्य चोरालाही तितकंच लागू पडतं. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना, अगदी नागरी सहकारी बँकांनाही, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत .बँक.इन या विभागात यायला सांगितलं, ते याच कारणाने. तिथे नाव मागणारी संस्था खरोखर बँक आहे का, हे बघूनच नाव मिळतं. सोलापूर म्हणजे सहकारी बँकांचं आणि पतसंस्थांचं गाव. पेन्शन काढणाऱ्या आजोबांना दारावर कुणीतरी ओळख विचारणारा हवाच आहे.

मला सगळ्यात जास्त खटकते ती खासगीपणाची गोष्ट, आणि तिच्याबद्दल विकणारे बोलत नाहीत. .ईथ नाव तुमच्या वॉलेटला, म्हणजे क्रिप्टो पैशांच्या डिजिटल पाकिटाला, बांधलेलं असतं. ब्लॉकचेनवरचे व्यवहार सगळ्यांना उघडे असतात. म्हणजे ज्याला तुम्ही तुमच्या कवितांचं पान दाखवलं, त्याला तुमच्या त्या वॉलेटमध्ये किती पैसे आहेत, कुणाकडून आले, कुणाला गेले हे दोन मिनिटांत बघता येतं. वेगळं वॉलेट ठेवता येतं, मान्य. पण नवशिक्या पोराला ते कोण सांगणार? शिवाय एकदा लिहिलेली नोंद पुसता येत नाही. विसाव्या वर्षी घेतलेलं थिल्लर टोपणनाव चाळिसाव्या वर्षीही तुमच्या वॉलेटच्या इतिहासात असणार.

आता आपल्या खऱ्या दुखण्याकडे येतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या ओळखीचे एक टॉवेल कारखानदार आहेत. त्यांनी काही वर्षांपूर्वी एका पोराकडून वेबसाइट करून घेतली. पोरगं हुशार होतं, काम चोख केलं, बिलही दिलं. फक्त डोमेन त्याने स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या नावावर घेतलं. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली, मोबाइल नंबर बदलला. रजिस्ट्रारचे 'मुदत संपत आली' असे इंग्रजी ईमेल त्याच्या जुन्या खात्यात जमत राहिले. एक दिवस मुंबईच्या एका खरेदीदाराचा फोन आला, "अहो, तुमच्या वेबसाइटवर सट्ट्याच्या जाहिराती कशाला लावल्यात?" खोक्यांचा नवा लॉट छापून आलेला, प्रत्येक खोक्यावर ठळक अक्षरांत तोच पत्ता. कारखान्यातल्या बायका बसून खोक्यांवर पांढरे स्टिकर चिकटवत होत्या. मी विचारलं, नोंदणी कुणाच्या नावावर आहे हे आधी बघितलं नव्हतं का? ते म्हणाले, "वेबसाइट आमची, पैसे आम्ही दिले, मग नाव आमचंच असणार की ओ. ते दुसऱ्याच्या नावावर असतंय हे कुणाला म्हाईत?"

असे 'कुणाला म्हाईत' सोलापुरात घरोघर आहेत. ट्यूशन घेणाऱ्या बाईंचं आहे, साखर पेठेतल्या फोटोग्राफरचं आहे, निवृत्त प्राध्यापकांच्या लेखसंग्रहाचं आहे. यांच्यापैकी कुणाच्याही वेबसाइटवर स्पेनचे पोलीस छापा घालणार नाहीत. यांची नावं जातात ती साध्या कारणांनी. नोंदणी दुसऱ्याच्या नावावर, ईमेल जुना, कार्डाची मुदत संपलेली, आणि पहिल्या वर्षी शंभर-दोनशेत मिळालेल्या नावाचं दुसऱ्या वर्षीचं बिल हजाराच्या घरात बघून 'नंतर भरू' म्हणून सोडून दिलेलं.

यातलं एकही दुखणं ब्लॉकचेनने बरं होत नाही. उलट वाढतं. समजा त्या पोराने .ईथ घेतलं असतं, तर नावाची किल्ली त्याच्या वॉलेटमध्ये असती. तो सापडला नाही म्हणजे विषय संपला. साध्या डोमेनमध्ये निदान मुदत संपल्यावर काही दिवस नाव सोडवून घ्यायला मिळतात. .कॉमला त्यासाठी ३० दिवसांचा वेगळा टप्पा असतो, दंड भरून नाव परत घेता येतं. वेळेवर कळलं असतं तर बिलं आणि कंपनीची कागदपत्रं घेऊन रजिस्ट्रारशी भांडता आलं असतं. किल्लीशी भांडता येत नाही. वॉलेटची किल्ली परत मिळवून देणारे बारा किंवा चोवीस शब्द ज्या कागदावर लिहिले तो कागद घर आवरताना रद्दीत गेला, तर मालकी कायमची आणि ताबा शून्य.

आणि माणूस गेल्यावर? बँकेच्या खात्याला वारस लावायची सोय आहे, शेअरला आहे, पीएफला आहे. लेखकाच्या वेबसाइटच्या नावाला नाही. वारलेल्या कवीचं पान मुलांच्या हातून वर्षभरात निसटतं आणि तिथे जुगार येतो. रजिस्ट्रारकडे मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद घेऊन निदान विनंती तरी करता येते. वडिलांनी बारा शब्द कुणाला सांगितले नसतील तर ब्लॉकचेनपुढे मृत्यूच्या दाखल्याला किंमत नाही.

म्हणून मला वाटतं, 'जुनं की नवं' हा वाद घालण्यात जी शक्ती जाते ती जुन्यावरच लावावी. निक्सी ही आपल्या देशाची संस्था आहे, तिच्याकडे मागणी करता येते. .इन नावाची मुदत संपायच्या आधीची सूचना मोबाइलवर, मराठीत, नाव घेणाऱ्याच्या भाषेत यावी. नोंदणी करतानाच वारसाचं नाव लिहिण्याची जागा असावी. पहिल्या वर्षाच्या सवलतीच्या शेजारी तितक्याच मोठ्या अक्षरांत दुसऱ्या वर्षाचा दर छापणं रजिस्ट्रारवर बंधनकारक असावं. आणि वेबसाइट करून देणाऱ्याने नाव गिऱ्हाइकाच्याच नावावर, गिऱ्हाइकाच्याच ईमेलवर घ्यायचं, हा नियम व्हायला काहीच हरकत नाही. इथल्या कॉलेजांत वेब डिझाइनचे कोर्स चालतात. त्यांत पोरांना रंगसंगती शिकवतात, पण गिऱ्हाइकाला ऑथ कोड कसा द्यायचा हे शिकवत नाहीत. तो कोड हातात असल्याशिवाय नाव एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे हलवता येत नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच भांडणांचं मूळ तो कोड अडवून ठेवण्यातच असतं.

.भारतचंही हेच. २७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत नाव घेता येतं, मराठी त्या पहिल्या आठ भाषांत होती. तीन भाषा बोलणाऱ्या या गावात तर त्याचं कौतुक व्हायला हवं होतं. पण असं नाव कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांची अगम्य रांग उमटते, आणि तिथला ईमेल पत्ता कितीतरी ऑनलाइन अर्ज 'अवैध' म्हणून परत करतात. अधिकृत मूळ यादीत दहा वर्षांहून जास्त काळ असलेल्या नावाची ही अवस्था असेल, तर यादीबाहेरच्या .ईथला आपल्या सरकारी पोर्टलवर काय मान मिळेल, याची कल्पना करायला फार अक्कल लागत नाही.

ज्यांना .ईथ घ्यायलाच हवं अशी माणसं आहेत, हे मी नाकारत नाही. ज्याच्या लिखाणाने सत्ता चिडते आणि ज्याचं नाव उद्या खरोखर काढून घेतलं जाऊ शकतं, त्याने हा दुसरा पत्ता जवळ ठेवावा. १९३० साली इंग्रजांचा मार्शल लॉ पाहिलेल्या या गावाने ती शक्यता हसण्यावारी नेऊ नये. मात्र नोंद ब्लॉकचेनवर असली तरी पानाचा मजकूर कुठल्या तरी संगणकावरच ठेवावा लागतो आणि वाचक आपल्या मोबाइल कंपनीच्या जाळ्यातूनच तिथवर येतो, तेव्हा अडवणाऱ्याला अडवायच्या जागा उरतातच. दुसरा गट परदेशातून ईथरमध्ये मोबदला घेणाऱ्यांचा. त्यांना लांबलचक पत्त्याऐवजी वाचता येणारं नाव सोयीचं पडतं. विकायला म्हणून नावं जमवणाऱ्यांनी मात्र २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे हे हिशोबात धरावं.

या दुसऱ्या गटालाही साधं नाव सोडायची गरज नाही. ईएनएसमध्ये आपलं आधीचं डोमेनही जोडता येतं, त्यासाठी त्या नावाला डीएनएसेक ही सुरक्षा चालू असावी लागते आणि .इनला ती मिळते. म्हणजे स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, पाच किंवा दहा वर्षांचे पैसे एकदम भरून .इन घ्यायचं, खात्याला दुहेरी पडताळणी लावायची, पासवर्ड घरातल्या एका माणसाला माहीत ठेवायचा, आणि वॉलेट हवं असेल तर त्याच नावाला जोडायचं. क्रोममध्ये पान उघडतं, नोकरीच्या अर्जावर पत्ता चालतो, ईथरही त्याच नावावर येतं.